चिनी भाषेतल्या करारावर लिंकवरून सही केली आहे. हा करार आमच्यावर बंधनकारक धरतात का?

वागळे_शीटमेटल

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचं शीट मेटलचं लहान युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो. इलेक्ट्रिक पॅनेलचे बॉक्स, केबल ट्रे, आणि अलीकडे डेटा सेंटरवाल्यांचे रॅक. कटिंग रबाळ्याला बाहेर करून घ्यायचो. त्यांच्याकडे नंबर लावायचा, टेम्पोचं भाडं भरायचं आणि वर पार्टीच्या शिव्या खायच्या, याला कंटाळून या वर्षी स्वतःचं फायबर लेझर घेतलं. ३ किलोवॅट, ३०१५ बेड. चीनच्या जिनानमधली कंपनी, नाव लिहीत नाही.

व्यवहार असा झाला. ई-मेलवर इंग्रजी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पीआय, म्हणजे मालाचा आगाऊ तपशील देणारं कच्चं बिल) आली. सोर्स (लेझर तयार करणारा डबा) कुठल्या मेकचा, किती वॅटचा, चिलर कुठला, वॉरंटी किती, ३० टक्के अॅडव्हान्स, ७० टक्के माल निघायच्या आधी, सगळं त्यात होतं. मी उलट मेलवर कन्फर्म केलं आणि बँकेतून टीटीने (थेट बँक ट्रान्सफरने) अॅडव्हान्स पाठवला. मशीन तयार झाल्यावर उरलेले पैसे पाठवायच्या वेळी त्यांच्या सेल्सच्या मुलीने एक लिंक पाठवली. म्हणाली, हा कंपनीचा फॉर्मल करार, एक्स्पोर्टच्या कागदांना लागतो, सही झाल्याशिवाय कंटेनर लोड होणार नाही. उघडून बघते तर नऊ पानं, सगळी चिनी. आकडे तेवढे वाचता येत होते. व्हॉट्सअॅपवर विचारलं हे काय आहे, तर उत्तर आलं, "सेम अॅज पीआय, डोन्ट वरी." तो मेसेज माझ्याकडे आहे. मेलवर ओटीपी आला, स्क्रीनवर बोटाने सही केली, आणि लगेच त्यांचा लाल गोल शिक्का उमटलेली पीडीएफ परत आली.

मशीन न्हावा शेवाला उतरलं, क्लिअरिंग रखडलं, मग आमच्या गाळ्यात फोर्कलिफ्ट शिरेना म्हणून शटरच काढावं लागलं. असो. २ एमएम सीआरसीए पत्रा झकास कापतं. १२ एमएमची एमएस प्लेट टाकली की खालून बर (खडबडीत कड) धरते आणि कोपऱ्यावर कट सुटतो, पीस हातोडीने ठोकून काढावा लागतो. ऑपरेटरने नोझल बदलली, लेन्स बदलली, ऑक्सिजनचं प्रेशर वर-खाली करून पाहिलं. शेवटी सर्व्हिसवाला पॉवर मीटर घेऊन आला. मीटर २ किलोवॅटच्या पुढे हलायला तयार नाही. मागचं कव्हर काढलं तर पीआयमधला मेक नाहीच, भलताच कुठला तरी. स्टिकर मात्र ३ किलोवॅटचा.

तक्रार केली तर ते म्हणतात, करार बघा. माल बंदरावर पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल मंजूर. आणि भांडण असेल तर आमच्या शहरातल्या लवाद आयोगाकडे या, चिनी कायद्याप्रमाणे. फोनवरच्या ट्रान्सलेटरने पानं वाचून पाहिली, तसंच लिहिलंय. ते १५ दिवस पेट्या कस्टममध्ये पडून असतानाच संपले होते.

तर प्रश्न हा. मला न येणाऱ्या भाषेतला करार, तोही कागदावर नाही, लिंकवर. कायद्याने हा करार होतो का? दीर म्हणतात ठाण्यात दावा टाकू, भाषाच कळत नव्हती म्हटलं की विषय संपला. सीए म्हणतात गप्प बसा आणि सोर्स नवा घ्या.

घोडबंदर_०७

स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, समोरासमोर सही नाही आणि वर भाषा चिनी. महाराष्ट्रात मराठी सक्तीची आहे ताई. असला करार रद्दीवालासुद्धा घेणार नाही. बिनधास्त दावा टाका.

कोर्टनाका

घोडबंदर, राग मानू नका, पण चारही मुद्दे उलटे आहेत. या सल्ल्यावर दावा टाकला तर ताईंची कोर्ट फी तेवढी जाईल.

मी ठाण्यात दिवाणी वकिली करतो, वागळे आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखानदारांची अशी प्रकरणं येत असतात. आधी सोपं ते. लिंकवरचा करार हा करारच. आपल्या १८७२ च्या करार कायद्याला कागदाची गरजच नाही, तोंडी सौदाही चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम १०-अ नंतर घातलं गेलं, ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. प्रस्ताव किंवा स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाली, एवढ्याच कारणाने करार अंमलबजावणीला नालायक ठरत नाही, असं ते म्हणतं. तिकडे चीनमध्येही इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा १ एप्रिल २००५ पासून आहे, आणि २०२१ पासूनच्या त्यांच्या नागरी संहितेत ई-मेलसुद्धा लेखीच धरतात. बोटाने केलेली सही आपल्या आधार ई-साइनच्या तोडीची नाही. त्या सहीला आपल्याकडे जे कायदेशीर गृहीतक आपसूक मिळतं ते हिला मिळणार नाही, ती सिद्ध करावी लागेल. पण तुम्ही सही केली हे तुम्ही नाकारत नाही आहात, मग तो वाद उरतोच कुठे? मुद्रांकाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखही दस्तातच येतो. मुद्रांक नसेल तर दस्त पुराव्यात घेताना अडतो, शुल्क आणि दंड भरला की मोकळा होतो. त्याने करार मरत नाही.

आता भाषा. दोन व्यापाऱ्यांनी आपसातला सौदा कुठल्या भाषेत लिहावा यावर आपल्याकडे कायद्याचं बंधन नाही. मराठीची सक्ती सरकारी कामकाजाला आहे. जिथे कायद्याला भाषेशी देणंघेणं असतं तिथे तो तसं सांगतो. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १९ बघा. दुय्यम निबंधकाला न कळणाऱ्या आणि जिल्ह्यात न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त आला तर सोबत खरं भाषांतर जोडा, नाहीतर नोंदणी नाही. तिथेही परकी भाषा म्हणून दस्त बाद होत नाही, फक्त नोंदणी अडते. काही देशांत मात्र खरोखर सक्ती आहे. इंडोनेशियाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या कंपनीशी केलेला करार त्यांच्या भाषेत हवाच. नुसत्या इंग्रजीत केलेला एक मोठा कर्जाचा करार जकार्ताच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला आणि वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला. तुर्कस्तानात असा कायदा १९२६ पासून आहे. आपण त्या यादीत नाही.

राहिलं "मला कळत नव्हतं". व्यापाऱ्याच्या तोंडी हे वाक्य कोर्टात फार लंगडं पडतं. बिहार राज्य विद्युत मंडळ विरुद्ध ग्रीन रबर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अटी असलेल्या कागदावर सही करणारा, त्याने त्या वाचल्या नसल्या तरी, सर्वसाधारणपणे बांधला जातो. जर्मनीतलं एक प्रकरण तुमच्या अगदी जवळचं आहे. पोर्तुगीज ट्रक ड्रायव्हर, नोकरीची बोलणी पोर्तुगीजमध्ये, करार मात्र जर्मनमध्ये, आणि त्यात ठरावीक मुदतीत मागणी केली नाही तर हक्क गेला असं कलम. तो म्हणाला, मला जर्मन येत नाही. तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितलं की न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही केलीस तर जोखीम तुझी. हा तर कामगार होता, ज्याच्या बाजूने कायदा चार पावलं जास्त चालतो. तुम्ही लाखोंची आयात करणाऱ्या उद्योजक.

मग तुमच्या हातात काय आहे? तो "सेम अॅज पीआय"चा मेसेज. आपल्याकडे निंगव्वा विरुद्ध बैरप्पा या १९६८ च्या निकालाने एक भेद केलेला आहे. कागद कोणत्या प्रकारचा आहे हेच खोटं सांगून सही घेतली, तर करार मुळातच नाही. प्रकार खरा सांगितला, पण आतल्या मजकुराबद्दल खोटं सांगितलं, तर करार असतो आणि फसलेल्याला तो रद्द ठरवता येतो. तुमचं दुसऱ्या खणात बसतं. पण करार कायद्याच्या कलम १९ ला एक अपवाद आहे आणि समोरचा वकील तो पहिल्या दिवशी काढणार. चुकीची माहिती दिली गेली तरी साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं असेल तर करार टळत नाही. तुम्ही नंतर फोनवरच्या ट्रान्सलेटरने जे वाचलं ते सहीच्या आधीही वाचता आलं असतं, असं तो म्हणेल. मुद्दाम केलेल्या लबाडीला हा अपवाद तितका लागत नाही, म्हणून लढायला जागा आहे. पण ही लढाई भाषेची नाही, सेल्सच्या मुलीने काय लिहून दिलं त्याची आहे.

आता ठाण्याचा दावा. लवादाचं कलम असलं की समोरचा लवाद कायदा, १९९६ च्या कलम ४५ खाली अर्ज देतो, आणि ते कलम प्रथमदर्शनीच निरर्थक दिसत नसेल तर कोर्ट तुम्हाला लवादाकडे पाठवतं. समजा नाही पाठवलं आणि तुम्ही जिंकलात. हुकूमनामा कुणावर बजावणार? त्यांची इथे एक खुर्चीही नाही. उलट दिशेने बघा. चीनमधल्या लवादाचे निवाडे आपण २०१२ च्या अधिसूचनेपासून न्यूयॉर्क कन्व्हेन्शनखाली (परदेशी लवादाचे निवाडे मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मानतो. तिथे तुमच्याविरुद्ध निवाडा झाला तर तो घेऊन ते इथे येऊ शकतात. चिनी कोर्टाचा निकाल मात्र तसा थेट बजावता येत नाही, कारण दिवाणी संहितेच्या कलम ४४-अ च्या देशांत चीन नाही. म्हणून त्यांच्याकडून लवादाची नोटीस आली आणि ती तुम्ही चिनी आहे म्हणून फाडून टाकली, असं कृपा करून करू नका. मी असे लोक पाहिलेत.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पीआय कन्फर्म झाली, अॅडव्हान्स गेला, आणि चिनी कागद त्यानंतर आला. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम, २०१०. ई-मेलवर सौदा पक्का झाला, औपचारिक करार व्हायचा राहिला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सौदा झालेलाच आहे. त्या न्यायाने तुमचा करार पीआयवरच पुरा झाला आणि चिनी कागद ही नंतरची दुरुस्ती, असं मांडता येतं. त्यासाठी त्या नऊ पानांत "यापूर्वीचा सगळा पत्रव्यवहार रद्द" अशा अर्थाचं काही आहे का, हे आधी माणसाकडून तपासून घ्या. मशीनकडून नको.

१५ दिवसांच्या कलमाने घाबरू नका. करार चिनी कायद्याखाली असेल तर त्यांच्या नागरी संहितेचं कलम ६२१ त्यांच्या बाजूचं आहे: ठरलेल्या मुदतीत हरकत नाही तर माल ठीक धरायचा. पण लगेच पुढचं ६२२ वाचा. ठरलेली मुदत इतकी तोकडी असेल की मालाच्या स्वरूपामुळे पूर्ण तपासणी शक्यच नाही, तर ती मुदत फक्त वरवर दिसणाऱ्या दोषांपुरती धरतात. सोर्सचा मेक वेगळा, हे पेटी उघडल्यावर दिसतं असं ते म्हणतील. बीममध्ये पॉवर कमी, हे मशीन चालवून मीटर लावल्याशिवाय कुणाच्या बापाला दिसणार नाही. शिवाय ४९६ आहे: छापील साच्यातल्या अटींपैकी समोरच्याच्या मोठ्या हिताशी संबंध असलेल्या अटींकडे त्याचं लक्ष वेधणं हे अटी देणाऱ्याचं काम. तिने लक्ष वेधलं नाही, उलट "डोन्ट वरी" लिहिलं. तिकडच्या वकिलाचं मत घ्याच, पण आज संध्याकाळी त्यांना लेखी हरकत पाठवा. इंग्रजीत आणि चिनीत, करारात दिलेल्या मेल पत्त्यावर. व्हॉट्सअॅपवरची बाचाबाची म्हणजे हरकत नव्हे.

पुराव्याचं थोडक्यात. ज्या फोनवर तो मेसेज आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. सहीच्या प्लॅटफॉर्मवरून मूळ पीडीएफ आणि कुठल्या मेलवरून, किती वाजता, कुठल्या आयपीवरून सही झाली तो लॉग उतरवून ठेवा. प्रिंट काढून स्कॅन केलेली प्रत काही कामाची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं आणि त्यावरचा सगळ्यात गाजलेला निकाल, २०२० चा, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलाय. वुईचॅट आपल्याकडे जून २०२० मध्येच बंद झालं म्हणून तुमची बोलणी व्हॉट्सअॅपवर झाली, हे तुमच्या पथ्यावरच पडलं.

ऐरोली_रिटायर्ड

कायद्याचं कोर्टनाका यांनी सांगितलं, मी पैशाचं सांगतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीच्या परचेसमध्ये माझी हयात गेली. तेव्हा मशीन जर्मनीहून, इटलीहून यायची. करार दोन रकान्यांत यायचा, डावीकडे त्यांची भाषा, उजवीकडे इंग्रजी, आणि कुठला रकाना खरा धरायचा ते शेवटी लिहिलेलं असायचं. पण आमची झोप त्या कागदाने लागत नव्हती. एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडलेली असायची आणि शेवटचे दहा टक्के मशीन आमच्या शॉपवर ट्रायल देऊन चालल्यावर सुटायचे, म्हणून लागायची. ७० टक्के माल निघायच्या आधी म्हणजे सगळी दोरी त्यांच्या हातात. तुमच्या जागी बहुतेक लहान कारखानदार हेच करतात, कारण तिकडचे एलसीला नाही म्हणतात आणि आपल्या बँका एलसीला तारण मागतात. तरी दहा टक्के मागे ठेवायला भांडायचंच. देतात ते. सीझन मंदा असला की नक्की देतात.

आत्ताचं काम असं. सर्व्हिसवाल्याच्या मीटरच्या फोटोवर अवलंबून राहू नका. चार्टर्ड इंजिनिअर बोलवा. त्याच्यासमोर पॉवर मोजायची, मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट जोडायचं, सोर्सच्या प्लेटवरचा सीरियल नंबर आणि मेक रिपोर्टमध्ये घालायचा. १२ एमएमचा तो बर धरलेला तुकडा तारीख टाकून, सही करून ठेवायचा. आणि सोर्सचं सील कुणालाही तोडू देऊ नका. मशीनचं कव्हर उघडलंत ते ठीक, सोर्सचा डबा उघडलात तर वॉरंटी गेली म्हणून ते नाचतील.

सीएंचा सल्ला मला तरी पटत नाही. गप्प बसण्याचे पैसे कोणी देत नाही.

मँडरीन_वाशी

मी चिनीची भाषांतरं करते, वाशीला असते. कोर्टनाका यांनी एक बाजू सांगितली, त्यात भर घालते.

चिनी कंपनीचं नोंदणीकृत नाव फक्त चिनी लिपीत असतं. पीआयवरचं इंग्रजी नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं असतं, त्याची तिथे कंपनी म्हणून नोंद नसते. उद्या ते बदलून दुसरं लावलं तरी कुणी विचारणार नाही. म्हणजे तुम्ही नक्की कुणाशी व्यवहार केला हे सांगणारा तुमच्याकडचा एकमेव कागद म्हणजे तो चिनी करार. त्यावर कंपनीचं चिनी नाव आणि १८ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असेल. तो त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनी चालू आहे की बंद, मालक कोण, भांडवल किती, सगळं उघड दिसतं. लाल शिक्क्यावरचं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. तिकडे सहीपेक्षा शिक्क्याला मान आहे.

दुसरं, टीटी कुणाच्या खात्यात गेला? जिनानच्या कंपनीच्या की हाँगकाँगमधल्या भलत्याच नावाच्या? हे बघितल्याशिवाय नोटीस काढू नका.

आणि नऊ पानांना जोडपत्र आहे का? मशीनच्या करारात सहसा शेवटी तांत्रिक तक्ता असतो. तुमची पीडीएफ पूर्ण उतरवली आहे ना?

वागळे_शीटमेटल

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये काही दिवस गेले, आता सांगण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

कोर्टनाका यांनी लिहिलं त्याच रात्री लेखी हरकत पाठवली. चिनी मजकूर मँडरीन_वाशी ताईंनी करून दिला, व्यवस्थित फी घेऊन, हेही सांगते, नाहीतर उद्या सगळे फुकट मागतील. चार्टर्ड इंजिनिअर येऊन गेले. त्यांच्या रिपोर्टमध्ये पॉवर १.९ किलोवॅट आहे.

पीडीएफला जोडपत्र होतं. मी पाहिलेली नऊ पानं म्हणजे नुसता करार, प्लॅटफॉर्मवर दुसऱ्या टॅबमध्ये दोन पानांचा तक्ता वेगळा होता. आणि ऐका, त्यात सोर्सचा मेक पीआयमधलाच आहे आणि ३ किलोवॅट स्वच्छ लिहिलंय. म्हणजे त्यांच्याच करारात त्यांनी कबूल केलेलं त्यांनी दिलेलं नाही. दीर गेले चार दिवस तो करार नाकारायला निघाले होते!

दोन वाईट बातम्या. एक, सातव्या पानावर आधीची सगळी बोलणी आणि कागद या कराराने रद्द, असं कलम आहे. दोन, अॅडव्हान्स जिनानच्या कंपनीला गेला, पण नंतरचे ७० टक्के हाँगकाँगच्या खात्यात. शिक्का जिनानच्या कंपनीचाच आहे, क्रमांक जुळतो.

हरकत गेल्यावर त्यांचा सूर बदलला. म्हणतात, सोर्स आमच्याकडे पाठवा, दुरुस्त करून किंवा बदलून देतो. त्यासाठी पुरवणी कराराचा मसुदा आलाय, या वेळी दोन रकान्यांत. काय बघू त्यात?

कोर्टनाका

उत्तम. आता बाजू बदला आणि मग परत बदलू नका. सातव्या पानावरच्या कलमामुळे "पीआय हाच करार" हे म्हणणं लुळं झालं. पण जोडपत्रामुळे त्याची गरजही उरली नाही. करार मान्य, जोडपत्र मान्य, तुम्ही जोडपत्राप्रमाणे माल दिला नाही. एवढंच म्हणायचं. जोडपत्र हवं पण लवादाचं कलम नको, असं निवडून खाता येत नाही, आणि भाषा कळली नाही हे तर आता चुकूनही लिहू नका. त्याच कागदावर उभं राहून तुम्ही मागणी करणार आहात. "सेम अॅज पीआय" तसाच जपून ठेवा. जोडपत्र आणि पीआय सारखे असल्यामुळे तो आता त्यांच्या गळ्यात पडतो.

पुरवणी मसुद्यात हे बघा. दोन भाषांत फरक पडला तर कुठली खरी, हे लिहून घ्या. त्यांच्या संहितेच्या ४६६ प्रमाणे दोन्ही मजकूर सारख्याच वजनाचे ठरवलेले असले तर दोन्हींचा अर्थ एकच गृहीत धरतात, आणि तरीही जमत नसेल तर कराराच्या हेतूवरून लावतात. म्हणजे भांडण लवादाच्या हातात. इंग्रजी खरी असा हट्ट धरा, नाही मानलं तर निदान तांत्रिक तक्त्यापुरता तरी. लवादाची भाषा इंग्रजी, हे वेगळ्या वाक्यात घ्या. ते राहिलं तर तिथलं काम बहुतेक चिनीतच चालेल आणि दुभाष्याचा खर्च तुमच्या बोडक्यावर. जागा बदलून सिंगापूर मागून पाहा, एवढ्या रकमेला ते हसतील, पण मागायला काय जातं.

"या दुरुस्तीने खरेदीदाराची कोणतीही मागणी शिल्लक राहत नाही" असं वाक्य असेल तर ते सोर्स लावून, मीटर लावून, ३ किलोवॅट दिसल्यानंतरच लागू होईल असं करून घ्या. आणि करारात हाँगकाँगच्या कंपनीचंही नाव आणि शिक्का घ्या. पैसे जिच्याकडे गेले तिला बाहेर ठेवून समझोता करायचा नाही.

ऐरोली_रिटायर्ड

सोर्स पाठवायचं भाडं आणि विमा कोणाचा? ते मसुद्यात नसेल तर तुमचा, हे धरून चाला. आणि बदली सोर्स येईपर्यंत जुना हातचा सोडू नका असं म्हणणार होतो, पण ते मानणार नाहीत. निदान किती दिवसांत परत, हे तारखेने लिहून घ्या.

उलवेकर_सीएचए

उशिरा वाचलं. क्लिअरिंगचं काम करतो, म्हणून एकच. "दुरुस्त करून किंवा बदलून", यातलं कुठलं ते सोर्स हलवायच्या आधी ठरवून घ्या. दुरुस्तीसाठी पाठवून तोच माल ठरलेल्या मुदतीत परत आला तर कस्टमच्या सवलतीखाली ड्युटी फक्त दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं, विमा यावर बसते. पण माल तोच पाहिजे. बदलून दुसरा सोर्स आला तर तो नवा इम्पोर्ट, फुकट दिला असला तरी पूर्ण किमतीवर ड्युटी आणि आयजीएसटी. म्हणून शिपिंग बिलात सीरियल नंबर टाका, कस्टमकडून माल पडताळून घ्या, आणि बदलून देणार असतील तर ती ड्युटी त्यांनी सोसायची हे त्या पुरवणीत घाला. चिनीतही आणि इंग्रजीतही.